शेकोटी, भजी आणि हुकलेला फोटो

थंडी पडली की आपल्या ऑफिसात दोनच विषय असतात. एक, एसी कोणी वाढवला? आणि दोन, या वीकेंडला कुठं? मेल्स फिरतात, ग्रुपवर लिंका येतात, आणि प्रत्येक प्लॅनमध्ये एक शब्द कंपल्सरी असतो : बॉनफायर. जॅकेट, गिटार, हातात मग, पायाशी झोपलेलं कुत्रं आणि मागे धुकं. फोटो तर डोक्यात आधीच क्लिक झालेला असतो!

माझ्याही डोक्यात झाला होता. जानेवारीतल्या एका शुक्रवारी संध्याकाळी कॅमेरा, ट्रायपॉड आणि भजीला गाडीत घालून मी निफाडला मावशीकडे निघाले. (भजी म्हणजे आमची कुत्री. पावसात भज्यांच्या गाडीखाली सापडली, म्हणून भजी. खाण्याचा विषय असलात तर सॉरी.) निफाडच का? एक तर राज्यातल्या थंडीच्या बातम्यांत निफाडचं नाव हमखास असतं. 2018 च्या डिसेंबरअखेरीला तर तिथं पारा 2 अंशांच्याही खाली गेला होता. आणि दुसरं म्हणजे जवळच नांदूरमध्यमेश्वर. 2020 मध्ये रामसर यादीत गेलेलं महाराष्ट्रातलं पहिलं पाणथळ. धुक्यातले पक्षी, सोनेरी ऊन... फुल पॅकेज!

सिन्नर मागे पडलं तशी काच वर करावी लागली. मावशीनं गरम बाजरीची भाकरी वाढली आणि भजीकडे बघून फर्मान काढलं, "हिनं ओटा ओलांडायचा नाही." काका मात्र गप्प. जेवताना त्यांची नजर सारखी मोबाईलवरच्या तापमानाकडे. मी लाडात येऊन म्हटलं, "काका, उद्या रात्री मस्त शेकोटी करू या ना!" ते हसले. म्हणाले, "उद्याचं कशाला, आजच करायची वेळ येईल असं दिसतंय."

पहाटे साडेतीनला दार वाजलं. बाहेर आले तर द्राक्षबागेच्या बांधावर एकामागून एक शेकोट्या. आठ, दहा, बारा! वेलींच्या ओळींतून सरकणारा धूर आणि त्याला खालून लागलेला केशरी रंग. मी अक्षरशः "वॉव" म्हणाले आणि ट्रायपॉड उघडायला लागले.

"फोटो मागनं काढ गं. आधी त्या काड्या इकडं आण."

त्या आवाजात रागबिग नव्हता. घाई होती. मग कळलं, ही शेकोटी शेकायची नव्हतीच. मण्यात गोडी भरायला लागली की अशी थंडी बागेची वैरीण होते. मणी तडकतो, आणि तडकलेल्या मण्याला बाजारात कुणी विचारत नाही. आकाश निरभ्र असलं की जमिनीतली ऊब रातोरात वर निघून जाते आणि गार हवा वेलींखाली तळाला साचते. म्हणून मग छाटणीच्या काड्या पेटवायच्या, वर ओलं गवत टाकून धूर करायचा आणि बागेला विहिरीचं पाणी सोडायचं. विहिरीचं पाणी त्या वेळी हवेपेक्षा ऊबदार असतं. ऑक्टोबरच्या छाटणीपासूनची सगळी मेहनत, औषधांचा खर्च आणि उधारी त्या काही तासांच्या तोंडावर उभी असते.

मी कॅमेरा ओट्यावर ठेवला आणि काड्या वाहिल्या. दोन तास. डोळे चुरचुरत होते, हात सोलवटले होते. भजी आधी शिंका देत लांब पळाली, मग माझ्यामागं एकेक खेप घालत राहिली. पाचच्या सुमारास काका एका आगीजवळ टेकले. ही बाई जाऊन थेट त्यांच्या पायाला चिकटून बसली. कुत्र्याला घरात न घेणाऱ्या त्या माणसानं काही न बोलता खांद्यावरची घोंगडी काढली आणि अर्धी तिच्यावर टाकली. दोघंही आगीकडे बघत बसले. माझा परफेक्ट फोटो तोच होता. आणि कॅमेरा ओट्यावर!

उजाडल्यावर काकांनी कडेच्या ओळीतला एक घड हातात घेऊन उलटासुलटा केला. काही मणी तडकले होते. "मधली बाग वाचली म्हणायची. खरं काय ते चार दिवसांनी कळेल," एवढंच म्हणाले.

पक्षी बघायला गेलेच नाही. पण तुम्ही जाणार असाल तर चार गोष्टी सांगते. गारठ्यात बॅटरी भराभर उतरते, तेव्हा जादाची बॅटरी आतल्या खिशात ठेवा. धुक्यात कॅमेरा फसतो आणि फोटो करडा काढतो. एक्स्पोजर एखादा स्टॉप वाढवा, आणि फ्लॅश बंदच ठेवा. गारठ्यातून उबदार खोलीत येताना कॅमेरा आधीच पिशवीत घट्ट बंद करा, नाहीतर लेन्सवर दव धरतं. कुत्र्याला आगीच्या ठिणग्यांपासून लांब बसवा. आणि शेगडी घेऊन बंद खोलीत किंवा तंबूत झोपू नका, प्लीज. त्यातल्या कार्बन मोनॉक्साईडला वासही नसतो.

आणि हो, बॉनफायर जरूर करा. फक्त वाळक्या गवतापासून लांब करा, आणि उठताना वर पाणी ओता.

निघताना मी एकच फोटो काढला. बागेवर तरंगणारा धुराचा पांढरा पट्टा, त्यातून येणारं ऊन आणि पुढे राखेनं नाक माखलेली भजी. कॉम्पोझिशन यथातथाच. चौथ्या दिवशी काकांचा फोन आला. फार नुकसान नव्हतं. मग जरा थांबून म्हणाले, "ते कुत्रीचं फोटो काढलं होतंस ना, ते पाठव."

सध्या काकांचा डीपी तोच आहे. मावशी म्हणते, पुढच्या वेळी भजीला ओट्याच्या आत घ्यायला हरकत नाही.