प्लास्टर निघाले, पण लगाम पेलेल का?

"डॉक्टर, प्लास्टर काढलं. आता उद्यापासून टांगा जुंपायला हरकत नाही ना?" हा प्रश्न पूर्वीइतका आता कानावर येत नाही, कारण टांगेच कमी झाले. मुंबईतल्या हौसेच्या व्हिक्टोरिया तर उच्च न्यायालयाने २०१५ साली बेकायदा ठरवल्या. तरीही जिल्ह्याच्या गावांत, यात्रेच्या ठिकाणी, लग्नाच्या वरातीत आणि अलिबागला ओहोटीच्या वेळी कुलाबा किल्ल्याकडे घोडागाडीवर पोट भरणारी माणसे आहेत. ती पडतात, त्यांची हाडे मोडतात आणि बरे झाल्यावर त्यांना पुन्हा त्याच फळीवर बसायचे असते. आजचा लेख त्यांच्यासाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे. हाड जुळले की माणूस बरा झाला असे आपण सगळेच धरून चालतो. टांगेवाल्याच्या बाबतीत हे धरून चालणे धोक्याचे आहे. हाड जुळणे ही एक गोष्ट आणि बिथरलेला घोडा आवरता येणे ही वेगळी गोष्ट. या दोहोंमध्ये काही आठवड्यांचे, कधीकधी काही महिन्यांचे अंतर असते. त्या अंतरात घाई केली तर पुन्हा अपघात होतो, आणि या वेळी मागे बसलेली माणसेही त्यात सापडतात.

एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. गाडी ओढणाऱ्या व ओझे वाहणाऱ्या जनावरांसाठी केंद्र सरकारने १९६५ साली नियम केले. त्यांनुसार जनावराला दिवसाला नऊ तासांहून जास्त जुंपायचे नाही. सलग पाच तासांहून जास्त वेळ विश्रांतीशिवाय राबवायचे नाही. तापमान ३७ अंशांच्या वर गेले असेल तर दुपारी बारा ते तीन जुंपायचेच नाही. गाडीवान आणि सहा वर्षांखालील मुले सोडून चारच माणसे बसवायची. नियम चांगले आहेत आणि ते पाळलेच पाहिजेत. परंतु लगाम धरणाऱ्याने किती दिवस विश्रांती घ्यावी, हे सांगणारा कोणताही नियम नाही. घोड्याच्या विश्रांतीची व्यवस्था आहे, घोडेवाल्याच्या विश्रांतीची नाही. ती त्याने, त्याच्या घरच्यांनी आणि अड्ड्यावरच्या सोबत्यांनी मिळूनच करायची आहे.

दवाखान्यातून घरी सोडताना कागदावर बहुधा लिहिलेले असते, "हलके काम करावे." कारकुनाला याचा अर्थ लागतो. टांग्यात हलके काम कोणते? टांगा एक तर जुंपलेला असतो, नाही तर सोडलेला असतो. म्हणून डॉक्टरांनी रोग्याला धंदा विचारला पाहिजे आणि रोग्यानेही न विचारता सांगितला पाहिजे. "मी टांगा चालवतो. लगाम मला दोन्ही हातांनी ओढावा लागतो, चढायला पायठणीवर एका पायावर भार घ्यावा लागतो, लोकांची बोचकी उचलावी लागतात." एवढे सांगितले की डॉक्टरांचा सल्ला बदलतो.

आता दुखापतींचे पाहू. मनगटाचे हाड मोडले तर प्लास्टर साधारण पाच-सहा आठवडे असते. खांद्याजवळची हासळी जुळायला मोठ्या माणसात सहा ते आठ आठवडे लागतात. नडगीचे हाड चार महिने आणि त्याहूनही जास्त वेळ घेते. पाठीचा मणका दबला असेल तर तीन महिने तरी धरून चालावे. मधुमेह असेल किंवा विडी-सिगारेट ओढण्याची सवय असेल तर हा काळ लांबतो. हे झाले हाडांचे. प्लास्टरमध्ये हात पडून राहिला की स्नायू वाळतात आणि सांधे आखडतात. प्लास्टर काढल्यावर तो हात दुसऱ्या हाताशेजारी धरून पाहा, फरक डोळ्यांना दिसतो. मुठीतली पकड पूर्ववत व्हायला त्यानंतरही काही महिने जाऊ शकतात.

टांग्यावर बसणे म्हणजे खुर्चीत बसणेही नव्हे. दोन चाकांची गाडी, मागे माणसे जास्त झाली की ती उलार होते, पुढे भार आला की तो घोड्याच्या पाठीवर येतो. हा तोल सांभाळत गाडीवान सारखा पुढेमागे सरकत असतो. खड्ड्याचा प्रत्येक दणका त्याच्या कमरेच्या मणक्यांना बसतो. पाठ दुखावलेल्या माणसाने हे विसरू नये.

माझ्याकडे येणाऱ्या एका टांगेवाल्या चाचांची हकिकत सांगतो. वय पंचावन्नच्या आसपास. वरातीतल्या फटाक्यांनी घोडा बुजला, चाचा खाली आले आणि उजवे मनगट मोडले. सहाव्या आठवड्यात प्लास्टर निघाले. अजून महिनाभर लगाम धरू नका, असे मी त्यांना सांगितले. ते म्हणाले, "डॉक्टरसाब, मी थांबेन, पण घोड्याचं पोट थांबत नाही. तो उभा राहिला तरी रोज चंदी मागतो." चार दिवसांनी बाजाराचा दिवस होता. त्यांनी टांगा जुंपला. एस.टी. स्टँडजवळ मागून ट्रकचा कर्कश हॉर्न वाजला आणि घोडा उधळला. डाव्या हाताने लगाम ताणला गेला, उजव्यातून सुटला. एकाच बाजूने ओढ बसल्याने घोडा वळला आणि टांगा गटारात कलंडला. चाचांचे तेच मनगट पुन्हा मोडले. मागे बसलेल्या एका बाईंचा पाय मोडला. सहा आठवड्यांचे दुखणे पाच महिन्यांवर गेले आणि त्या पाच महिन्यांत घोडा विकावा लागला. चाचांना दोष देण्यासाठी मी हे सांगत नाही. घरात पीठ नसताना विश्रांतीचा उपदेश ऐकणे किती अवघड असते, हे मी रोज पाहतो. परंतु त्या चार दिवसांच्या घाईची किंमत किती झाली, हे वाचकांनीच मोजावे.

या हकिकतीत आणखी एक गोष्ट दडलेली आहे. मालक खाटेवर होता तेव्हा घोडाही सहा आठवडे जागेवर उभा होता आणि त्याची चंदी मात्र चालू होती. पूर्ण खुराक आणि काम काहीच नाही अशा अवस्थेनंतर घोड्याला एकदम जुंपले तर दोन गोष्टी होतात. एक म्हणजे तो अंगात मस्ती आल्यासारखा वागतो, साध्या गोष्टीलाही बुजतो. दुसरी गोष्ट जास्त गंभीर. थोडे अंतर चालल्यावर त्याचे मागचे पाय ताठ होतात, घाम सुटतो, पुढे पाऊल टाकवत नाही आणि लघवी काळसर तांबडी होते. परदेशात पूर्वी रविवारची सुट्टी घेऊन सोमवारी कामाला लावलेल्या घोड्यांत हे दिसे, म्हणून त्याला 'सोमवारचा आजार' असे नावच पडले. असे दिसताच घोडा तिथेच थांबवावा, ओढत घरी नेऊ नये आणि पशुवैद्यांना बोलवावे. मी माणसांचा डॉक्टर आहे, पुढचा उपचार तेच सांगतील. आधी घ्यायची काळजी मात्र सोपी आहे. घोडा उभा असेल त्या दिवसांत चंदी कमी करून वैरणीवर भर द्यावा आणि घरातल्या कोणीतरी त्याला रोज मोकळे फिरवून आणावे.

डोक्याला मार लागला असेल तर नियम आणखी कडक हवेत. चक्कर येणे, एकाच्या दोन वस्तू दिसणे, उजेड सहन न होणे यांपैकी काहीही शिल्लक असेल तोवर लगाम हातात घेऊ नये. अपघातानंतर एकदा जरी फिट आली असेल, तर तज्ज्ञांनी लेखी सांगेपर्यंत टांगा बंद. वयस्कर माणसांत, दारू पिणाऱ्यांत आणि रक्त पातळ होण्याच्या गोळ्या घेणाऱ्यांत कवटीच्या आत हळूहळू रक्त साचते आणि त्याची लक्षणे काही आठवड्यांनी दिसतात. डोकेदुखी वाढत जाणे, सुस्ती, बोलण्यात घोटाळा, एका बाजूच्या हातापायात अशक्तपणा अशी ही लक्षणे. ती दिसली तर 'उन्हाने झाले असेल' म्हणून घरी थांबू नका, लगेच मोठ्या दवाखान्यात जाऊन डोक्याचा सी.टी. स्कॅन करून घ्या.

दुखणे मारण्याच्या गोळ्यांविषयीही थोडे. गोळीने दुखणे झाकले जाते, हाडाला बळ येत नाही. काही गोळ्यांनी झोप येते. दुकानातून स्वतःच आणून महिनोन् महिने घेतलेल्या गोळ्या पोटात व्रण करतात आणि मूत्रपिंडाला इजा करतात. गोळी घेतल्याशिवाय टांगा चालवता येत नसेल, तर टांगा चालवायची वेळ अजून आलेली नाही असे समजावे. 'थोडी घेतली की दुखत नाही' हा दारूचा सल्ला देणारे मित्र अड्ड्यावर भेटतात. त्यांना दुरून नमस्कार करावा.

धनुर्वाताचे इंजेक्शन हा विषय घोडेवाल्यांच्या घरात कधीच जुना होत नाही. धनुर्वाताचे जंतू घोड्याच्या आतड्यात राहू शकतात आणि लिदीतून मातीत मिसळतात. पूर्वीच्या टी.टी.ऐवजी आता टी.डी. लस मिळते, तिच्यात घटसर्पापासूनही संरक्षण आहे. लसीचे सुरुवातीचे डोस पूर्ण झालेले असतील तर दर दहा वर्षांनी एक डोस घ्यावा. मळकी जखम झाली आणि शेवटच्या डोसाला पाच वर्षांहून जास्त काळ लोटला असेल तर पुन्हा घ्यावा. डोस पूर्ण झाले की नाही हे आठवत नसेल तर डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगावे.

मग परत कामाला लागायचे कसे? एका दिवसात नव्हे, पायरी-पायरीने. डॉक्टरांनी हाड जुळल्याचे सांगितल्यानंतर माझा क्रम असा आहे.

पहिली पायरी घरातली. ओला पंचा पिळणे, कणीक मळणे, रबरी चेंडू दाबणे, तळवा वर-खाली फिरवणे. पायाची दुखापत असेल तर भिंतीचा आधार जवळ ठेवून एका पायावर उभे राहण्याचा सराव. जिल्हा रुग्णालयात व्यायाम-उपचार करून घेता येतात, त्यांचा फायदा घ्यावा.

दुसरी पायरी तबेल्यातली. पाणी दाखवणे, खरारा करणे. मात्र घोड्याच्या मागे उभे राहायचे नाही, खांद्याच्या बाजूला राहायचे. आखडलेल्या पायाने लाथ चुकवता येत नाही.

तिसरी पायरी, घोडा नुसता हाताने धरून फिरवणे. पहिले काही दिवस सोबत धडधाकट माणूस हवा.

चौथी पायरी, रिकामा टांगा, मोकळे मैदान आणि शेजारी लगाम धरू शकणारा सोबती. या वेळी स्वतःची परीक्षा घ्यावी. दोन्ही हातांनी सारखी ओढ देऊन घोडा जागेवर थांबवता येतो का? घाई झाली तर न अडखळता खाली उतरता येते का? दुसऱ्या दिवशी सकाळी सूज किंवा ठणका आहे का? उत्तर समाधानकारक नसेल तर एक पायरी मागे यावे.

पाचवी पायरी, दोनच प्रवासी आणि अर्धा दिवस. बाजाराचा दिवस, वरात आणि यात्रा सर्वांत शेवटी.

काहींना पडल्यानंतर भीती बसते. फळीवर बसताच छाती धडधडते, हात घट्ट होतात. तो भित्रेपणा नव्हे, अपघातानंतर असे होतेच. पण घट्ट हाताचा ताण लगामातून घोड्याच्या तोंडापर्यंत जातो आणि तोही अस्वस्थ होतो. म्हणून भीती लपवू नये, सोबत्याला सांगावी. रिकाम्या टांग्याचे दिवस वाढवले की बहुतेकांची ती जाते. रात्री झोप लागत नसेल, तोच प्रसंग पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे येत असेल, तर डॉक्टरांशी बोलावे.

राहिला पैशाचा प्रश्न, आणि खरा प्रश्न तोच आहे. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून रुग्णालयातल्या उपचारांचा खर्च भागू शकतो. पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेत वर्षाला वीस रुपयांत अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वाला दोन लाख आणि कायमच्या अंशतः अपंगत्वाला एक लाख मिळतात. बँकेत खाते असलेल्या प्रत्येक गाडीवानाने तो विमा उतरवावा. परंतु सहा आठवडे बुडालेल्या रोजाची भरपाई यांपैकी कोणीही देत नाही. त्यासाठी उपाय आपल्या गावातच आहे. प्रत्येक अड्ड्यावर भिशी चालते. त्या भिशीत दर आठवड्याला थोडी रक्कम जायबंदी सोबत्यासाठी वेगळी ठेवता येईल. त्याचा टांगा पाळीपाळीने दुसऱ्याने चालवून निम्मी मिळकत त्याच्या घरी देता येईल. घोडाही चालता राहील आणि माणसालाही पुरेसे थांबता येईल. आज ज्याच्यासाठी हे कराल, तो उद्या तुमच्यासाठी करील.

शेवटी दोन शब्द प्रवाशांना. गाडीवानाच्या हाताला पट्टी दिसली तर पाचवे माणूस होऊन टांग्यात चढू नका आणि "जरा पळव की रे" असेही म्हणू नका. आणि घरच्यांना एकच सांगणे आहे. प्लास्टर निघाल्याच्या दिवशी पेढे जरूर वाटा, पण लगाम मात्र आणखी काही दिवस खुंटीलाच राहू द्या.