काट्यामागची दुरुस्ती

साठच्या दशकातल्या एमजीबी मोटारीच्या स्पीडोमीटरचा जीर्णोद्धार म्हटला की बहुतेकांना कोरीकरकरीत तबकडी हवी असते. माझ्या मते दुरुस्ती काट्यामागे व्हावी, काट्यापुढे नव्हे. आतली रचना साधी आहे: गिअरबॉक्सकडून येणारी केबल चुंबक फिरवते, चुंबक ॲल्युमिनियमच्या वाटीला सोबत ओढू पाहतो आणि बारीक स्प्रिंग तिला रोखते. स्प्रिंग सैलावली किंवा चुंबक क्षीण झाला की काटा खोटं बोलतो; ते सुधारायलाच हवं. फिकटलेली तबकडी मात्र खोटं बोलत नाही, आणि पुसलेली मूळ छपाई परत मिळत नाही. आकडे वाचताच येत नसतील तर, हा आक्षेप रास्त आहे; मग मूळ तबकडी जपून ठेवावी आणि प्रतिकृती बसवावी. साठच्या दशकाआधीच्या काही तबकड्यांवरच्या रेडियमच्या रंगाचा मुद्दा अधिक गंभीर. त्याची चमक काही दशकांत जाते, कारण त्यातलं झिंक सल्फाइड निकामी होतं. रेडियमचं अर्धायुष्य मात्र सुमारे १६०० वर्षं. अंधारात चमकत नाही म्हणून अशी तबकडी निर्धोक समजून घरी खरवडणं हा शुद्ध अविचार. खरवडून उडालेली धूळ श्वासातून शरीरात जाते, आणि काचेआड न छेडता ठेवलेल्या तबकडीपेक्षा ती कितीतरी घातक असते.