हयात माणसाचे नाव आणि विमानतळाची पाटी

गेल्या महिन्यात आमच्या शाळेच्या संस्थेने एक ठराव लिहायचे काम माझ्याकडे दिले. मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो. त्यामुळे मानपत्र असो, निमंत्रणपत्रिका असो की शोकसभेचा ठराव, कागद फिरून माझ्याच टेबलावर येतो. या वेळचा ठराव नव्या वाचनालयाच्या नावाचा होता, आणि नाव होते एका हयात पुढाऱ्याचे. खोली बांधायला त्यांनी निधी मिळवून दिला, म्हणून त्यांचे नाव. निधी त्यांच्या खिशातला नव्हता. सरकारी होता, म्हणजे तुमच्या-माझ्या कराचा. पण हे बैठकीत कुणी बोलले नाही. मीही बोललो नाही.

कागद घरी आणला, लिहायला बसलो, तर हात पुढे जाईना. दुसऱ्या दिवशी एका सहकाऱ्याजवळ बोललो तर तो हसला. "सर, जगात विमानतळांना जिवंत माणसांची नावे देतात आणि तुम्ही एका खोलीचे काय घेऊन बसलात?"

त्या वाक्याने मला विमानतळांच्या मागे लावले.

आम्हा कोकणी मुसलमानांना विमानतळ म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. रायगड-रत्नागिरीच्या आमच्या वस्त्यांतून दोन-तीन पिढ्या आखातात कमवायला गेल्या. माझे चाचा पहिल्यांदा कुवेतला निघाले तेव्हा ट्रॅक्स भरून माणसे त्यांना सोडायला गेली होती. कुठे? तर "सहारला". १९९९ मध्ये त्या विमानतळाला छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव मिळाले. चाचा आजही बोलताना सहारच म्हणतात. त्यात अनादर नाही, जिभेची सवय आहे. पण तिकिटावर, पाटीवर, उद्घोषणेत जे अधिकृत नाव असते ते प्रवाशाला निवडता येत नाही. एखाद्या पुढाऱ्याच्या नावाच्या सभागृहात आपण न जाता जगू शकतो. विमान पकडायचे तर पाटीखालूनच जावे लागते. म्हणून ते नाव कुणाचे, हा प्रश्न लहान नाही.

आता झिंबाब्वेचे उदाहरण घ्या. राजधानी हरारेच्या विमानतळाला ९ नोव्हेंबर २०१७ रोजी रॉबर्ट मुगाबे यांचे नाव देण्यात आले. मुगाबे तेव्हा ९३ वर्षांचे होते आणि राष्ट्राध्यक्ष होते. समारंभ झाला, भाषणे झाली. एका आठवड्याच्या आत लष्कराने सत्ता हातात घेतली आणि २१ नोव्हेंबरला मुगाबेंनी राजीनामा दिला. राजीनामा जाहीर झाला तेव्हा लोक रस्त्यावर नाचले. विमानतळावर पाटी तीच राहिली.

१९८० मध्ये देश स्वतंत्र झाला तेव्हा हेच मुगाबे मुक्तिलढ्याचे नायक होते. त्या वर्षी नाव दिले असते तर फार थोड्यांनी हरकत घेतली असती. पण माणूस तिथे थांबला नाही. पुढे १९८०च्या दशकातच मटाबेलेलँडमध्ये त्यांच्या फौजेने हजारो नागरिक मारले. नंतर निवडणुकांतली दडपशाही आली, कोसळलेले चलन आले. हयात माणसाचे हेच असते, त्याच्या वहीची पुढची पाने कोरी असतात. त्यावर तो काय लिहील, हे त्यालाही ठाऊक नसते.

आमच्याकडे दुआ मागताना 'खातिमा बिल खैर' मागतात, म्हणजे शेवट चांगला होवो. ऐंशी वर्षांचा नमाजी माणूसही ती मागतो, कारण शेवटाची खात्री कुणालाच नाही. हजरत अब्दुल्लाह बिन मसऊद (रजि.) यांचे एक सांगणे आलिम लोक नेहमी सांगतात. त्याचा मतलब असा की, कुणाच्या मार्गाने जायचे असेल तर जे हे जग सोडून गेले त्यांच्या मार्गाने जा, कारण जिवंत माणूस फितन्यापासून सुरक्षित नसतो. हे सांगताना त्यांच्या डोळ्यांसमोर पाटी नव्हती, दीन होता. पण माणसाची जी पारख त्यात आहे ती पाटीलाही लागू पडते.

कझाकस्तानात तर हा प्रकार विमानतळावर थांबला नाही. राजधानी अस्तानाच्या विमानतळाला २०१७ मध्ये नुरसुलतान नजरबायेव यांचे नाव दिले गेले, ते राष्ट्राध्यक्ष असताना. मार्च २०१९ मध्ये त्यांनी पद सोडले आणि लगेच अख्ख्या राजधानीचे नाव बदलून नूर-सुलतान करण्यात आले. जानेवारी २०२२ मध्ये देशात उठाव झाला, ताल्दिकोर्गान शहरात त्यांचा पुतळा लोकांनी पाडला. सप्टेंबर २०२२ मध्ये राजधानीचे नाव पुन्हा अस्ताना झाले. साडेतीन वर्षांत दोनदा पाट्या, दोनदा नकाशे, दोनदा शाळेची पुस्तके. तिथल्या भूगोलाच्या शिक्षकाची मला कीव आली.

कुणी म्हणेल, हे हुकूमशहांचे झाले, खेळाडूचे काय? पोर्तुगालच्या मदेरा बेटावरच्या विमानतळाला मार्च २०१७ मध्ये क्रिस्तियानो रोनाल्डोचे नाव दिले. तो त्या बेटाचा मुलगा, वय ३२, अजून मैदानावर. माझ्या वर्गातल्या अर्ध्या मुलांच्या वहीवर त्याचे चित्र आहे. नाव दिल्यानंतर तीन महिन्यांच्या आत स्पेनच्या सरकारी वकिलांनी त्याच्यावर करचुकवेगिरीचा आरोप ठेवला. जानेवारी २०१९ मध्ये माद्रिदच्या न्यायालयात त्याने गुन्हा कबूल केला. सुमारे १ कोटी ८८ लाख युरो दंड झाला आणि २३ महिन्यांची स्थगित शिक्षा. त्याचा खेळ त्यामुळे कमी ठरत नाही. पण कराच्या पैशातून चालणाऱ्या सार्वजनिक जागेवर त्याचे नाव लावायला दहा-वीस वर्षे थांबले असते तर कुणाचे काय बिघडले असते?

दुसऱ्यांची उदाहरणे सांगताना आपल्या घराकडेही पाहावे. आमची माणसे जिथे राबली त्या आखातात हे नेहमीचेच. दम्मामचा किंग फहद विमानतळ १९९९ मध्ये प्रवाशांसाठी खुला झाला तेव्हा किंग फहद गादीवर होते. दुबईची ती जगातली सर्वांत उंच इमारत बांधून होईपर्यंत 'बुर्ज दुबई' म्हणून ओळखली जात होती. डिसेंबर २००९ मध्ये अबुधाबीने कर्जात अडकलेल्या दुबईला १० अब्ज डॉलर दिले आणि ४ जानेवारी २०१० रोजी उद्घाटनाच्या दिवशी इमारतीचे नाव झाले 'बुर्ज खलिफा', अबुधाबीच्या तत्कालीन शासकाच्या नावाने. तिथे बादशाही आहे, तिथल्या रीती तशा. प्रश्न आपला आहे, कारण आपण स्वतःला लोकशाही म्हणवतो.

आपल्याकडे मोठ्या विमानतळांच्या बाबतीत ही मर्यादा बरीच पाळली गेली आहे. नागपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकर, दिल्लीला इंदिरा गांधी, हैदराबादला राजीव गांधी, गोव्यात मोपाला मनोहर पर्रीकर. कुणाला एखादे नाव पटो न पटो, दिले गेले ते मृत्यूनंतर. स्टेडियमवर मात्र ही मर्यादा मोडली. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी अहमदाबादच्या मोटेरा स्टेडियमला नरेंद्र मोदी यांचे नाव देण्यात आले, पंतप्रधानपदावर असताना. आणि हा रोग एका पक्षाचा नाही. उत्तर प्रदेशात मायावतींनी मुख्यमंत्री असताना स्वतःचे पुतळे उभारले. २०१२च्या निवडणुकीआधी निवडणूक आयोगाने ते झाकायला लावले. पाटीचेही उद्या असेच होऊ शकते. ज्या नावाने मते मागितली जातात ते नाव सरकारी भिंतीवर असेल, तर ती भिंत कुणाच्या प्रचाराची?

आपल्या मुंबईचे वानखेडे स्टेडियमही हयात माणसाच्या नावाचे. बॅरिस्टर शेषराव वानखेडे हे १९७४-७५ मध्ये स्टेडियम उभे राहिले तेव्हा विधानसभेचे अध्यक्ष होते आणि मुंबईच्या क्रिकेट संघटनेचे प्रमुखही. स्टेडियम व्हावे म्हणून ते झटले, हे खरे आहे. पण मी दहावीच्या वर्गात विचारले, "वानखेडे कोण होते?" एकाने सांगितले, "सर, जुने बॅट्समन असतील." ज्या नावासाठी एवढा आटापिटा करायचा ते पन्नास वर्षांत असे होऊन जाते.

आता दुसरी बाजू. ती मला पूर्ण खोटी वाटत नाही. लोक म्हणतात, माणूस जिवंत असताना त्याला विचारायचे नाही आणि गेल्यावर फुले वाहायची, हा कुठला न्याय? खरे आहे. महर्षी धोंडो केशव कर्वे यांना १९५८ मध्ये भारतरत्न मिळाले, आणि त्यांच्या शंभराव्या वाढदिवशी, १८ एप्रिल १९५८ रोजी, त्यांच्या चित्राचे टपाल तिकीट निघाले. हयात भारतीयाचे ते पहिले तिकीट. कुणाच्या मनात शंका आली नाही. आफ्रिकेतल्या केप व्हर्दे देशाने २०१२ मध्ये प्रायाच्या विमानतळाला नेल्सन मंडेला यांचे नाव दिले. मंडेला तेव्हा हयात होते. त्यालाही नाव ठेवावेसे वाटत नाही.

मग फरक कुठे आहे? कर्वे शंभर वर्षांचे, हातात सत्ता नाही, कुणाला काही देण्याची ताकद नाही. मंडेलांनी १९९९ मध्येच खुर्ची सोडली होती आणि नाव दिले ते परक्या देशाने. दोघांकडून कुणाला काही मिळणार नव्हते. सन्मान आणि खुशामत यांत फरक ओळखायचा तर एवढेच विचारावे: ज्याचे नाव देतोय त्याच्याकडून देणाऱ्याला उद्या काही हवे आहे का?

या कसोटीवर आमच्या रायगडचे उदाहरण पाहा. नवी मुंबई विमानतळाला दि. बा. पाटील यांचे नाव द्या म्हणून जून २०२१ मध्ये हजारो लोकांनी मानवी साखळी केली. दि. बा. २०१३ मध्येच गेले होते. त्या लोकांना त्यांच्याकडून ना तिकीट हवे होते, ना ठेका. जमिनी सिडकोसाठी गेल्या तेव्हा हा माणूस त्यांच्या बाजूने उभा राहिला होता. जानेवारी १९८४ च्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण मेले आणि त्या लढ्यातून प्रकल्पग्रस्तांना साडेबारा टक्के विकसित जमीन देण्याचे धोरण आले. सरकारने आधी दुसरे नाव पुढे केले होते, बाळासाहेब ठाकरे यांचे. तेही दिवंगत. म्हणजे मृत्यूने वाद मिटतातच असे नाही. पण २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दि. बा. पाटील यांच्या नावाला मंजुरी दिली, ती लोकांच्या रेट्यामुळे. नाव खालून वर गेले. हयात सत्ताधाऱ्याचे नाव वरून खाली येते आणि त्याखाली सह्या करायला आमच्यासारखे लोक असतात.

म्हणून माझे म्हणणे साधे आहे. सार्वजनिक पैशाने उभ्या राहिलेल्या कोणत्याही वास्तूला हयात माणसाचे नाव देऊ नये. तसा नियम लिहून ठेवावा, म्हणजे कुणाला नाही म्हणताना शिक्षकाची किंवा अधिकाऱ्याची नोकरी पणाला लागणार नाही. माणूस गेल्यावरही निदान पाच वर्षे थांबावे, शोकाची लाट ओसरू द्यावी. आणि ज्यांची जमीन त्या वास्तूखाली गेली त्यांना आधी विचारावे. हयात माणसाचा गौरव करायचा तर पुरस्कार आहेत, मानपत्रे आहेत. ती त्याच्या घरी जातात, लोकांच्या डोक्यावर लटकत नाहीत.

शेवटी त्या ठरावाचे काय झाले, ते सांगतो. मी तो लिहिला नाही. अध्यक्षांकडे गेलो आणि म्हणालो, "साहेब, निधी कुठल्या योजनेतून, किती आणि कुणाच्या प्रयत्नाने आला, याची पाटी दारात लावू. नाव मात्र आपल्या जुन्या उर्दूच्या बाईंचे देऊ." बाईंनी आमच्या शाळेत ३१ वर्षे शिकवले. पहिल्या वाचनालयाचे कपाट त्यांनी घरून आणले होते. त्यांच्या इंतकालाला आता नऊ वर्षे झाली. अध्यक्ष थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "सर, बाई मोठ्याच होत्या. पण त्यांच्या नावाने पुढचा निधी कसा मिळणार?"

मला उत्तर सुचले नाही. विषय पुढच्या बैठकीवर गेला आहे. मुख्याध्यापकाची जागा या वर्षी रिकामी होते आहे आणि ती भरणारी समितीही हीच आहे, हे मला ठाऊक आहे. तरी बैठकीत हेच बोलणार आहे. वाचनालय सध्या बिननावाचे उघडले आहे, मुले पुस्तके घेऊन जात आहेत.