हलक्या गड्याचे मैदान

'शक्तीपेक्षा युक्ती श्रेष्ठ' हा सुविचार आपण प्रत्येकाने शाळेच्या फळ्यावर कधी ना कधी लिहिलेला आहे. पण युक्ती म्हणजे नेमके काय? माझे मत असे की, निम्मी युक्ती मैदानाच्या निवडीत असते. हे मला एका व्हिडिओ गेमने शिकवले आणि सुरतेच्या इतिहासाने पटवले. कोणी म्हणेल, कुठे गेम आणि कुठे शिवाजी महाराज! त्यांना विनंती की, आधी ऐकून घ्यावे आणि मग हसावे.

'सुपर स्मॅश ब्रदर्स' हा जपानच्या निन्टेंडो कंपनीचा खेळ १९९९ साली आला. यात नुसता मार खाऊन कोणी बाद होत नाही. अंगावरच्या माराची टक्केवारी जसजशी वाढते, तसतसा पुढचा फटका गड्याला अधिक लांब फेकतो. तो मैदानाच्या हद्दीबाहेर गेला की संपला. वजनदार गडी उशिरा उडतो, हलका लवकर उडतो. म्हणून हलका गडी घेणाऱ्याला सगळे सांगतात, "मोठे मैदान घे, म्हणजे हद्द लांब राहील."

हा सल्ला अर्धाच खरा आहे. हद्द प्रतिस्पर्ध्यालाही तितकीच लांब होते, मग लाभ कोणाचा? २००१ सालच्या 'मेली' या आवृत्तीतली जिगलीपफ पाहा. ही गुबगुबीत बाहुली वजनाने अगदी हलकी, पण हवेतल्या हवेत पाच उड्या मारते आणि तरंगत शत्रूचा बाहेरपर्यंत पाठलाग करते. 'ड्रीमलँड' हे मैदान रुंद, त्याची वरची हद्दही उंच. एका फटक्यात वर उडवू पाहणाऱ्या भारी गड्याची मेहनत तिथे वाया जाते, जिगलीपफला मात्र मोकळी हवा मिळते. मैदान दोघांना सारखेच असते, गरज सारखी नसते. अमेरिकेच्या हुआन देबिएद्मा ऊर्फ 'हंग्रीबॉक्स' याने हीच जिगलीपफ घेऊन २०१६ साली 'इव्हो' ही मोठी स्पर्धा जिंकली.

आता सुरतेकडे वळू. इथे महाराजांचे नाव निघाले की काही मित्र 'लूट' एवढा एकच शब्द उच्चारतात, आणि वर टोमणा मारतात की समोरासमोर लढायची हिंमत नव्हती. सुरतेच्या पेढ्या लुटल्या गेल्या, घरे जळाली, वीरजी व्होरासारख्या धनाढ्य सावकाराचा वाडा रिकामा झाला. त्या लोकांचे दुःख नाकारण्यात मराठीपण नाही. पण हिंमतीच्या टोमण्याला उत्तर दिलेच पाहिजे.

मोगलांपाशी मनुष्यबळ, तोफा आणि खजिना होता. महाराजांपाशी वेग होता. फेब्रुवारी १६६१ मध्ये खोपोलीजवळच्या उंबरखिंडीत कारतलबखानाची मोठी फौज दाट रानातल्या अरुंद वाटेत शिरली आणि दोन्ही बाजूंनी कोंडली गेली. तिथे त्याची संख्याच त्याच्या गळ्याशी आली. जानेवारी १६६४ मध्ये सुरतेचा सुभेदार इनायतखान किल्ल्यात जाऊन बसला. महाराजांनी त्या किल्ल्यापुढे दिवस घालवले नाहीत; मोगलांची कुमक येण्याआधी ते परत फिरले. कुठे लढायचे नाही हे ठरवणे हीसुद्धा निवडच आहे.

परंतु निवड नेहमी आपल्या हाती नसते. ऑक्टोबर १६७० मध्ये दुसऱ्यांदा सुरत लुटून परतताना हलकी फौज मालाने जड झाली होती, आणि नाशिकच्या बाजूला वणी-दिंडोरीपाशी दाऊदखान आडवा आला. तेव्हा भार पुढे रवाना केला, लढणारे मागे ठेवले आणि उघड लढाई दिली. माल सुखरूप पोहोचला. म्हणजे हिंमत नव्हती असे नाही. ती कुठे खर्च करायची याचा हिशेब होता.

खेळाच्या स्पर्धांमधला नियमही विचार करण्याजोगा आहे. पहिल्या डावाला दोघेही नको असलेली मैदाने एकेक करून बाद करतात. पुढे बहुधा जिंकणारा एखाददुसरे मैदान बाद करतो आणि हरलेला उरलेल्यांतून निवडतो. हरलेल्याच्या या निवडीला तिथे कोणी पळपुटेपणा म्हणत नाही.

मग मराठी माध्यमातून आलेल्या आम्हा वाणिज्याच्या विद्यार्थ्यांनाच हा न्याय का नसावा? वर्गातली प्रत्येक चर्चा फर्ड्या इंग्रजीच्या मैदानावर होते, आणि तिथे अडखळणारा मुलगा 'कच्चा' ठरतो. तोच मुलगा ताळेबंद मांडायला दिला तर सर्वांच्या आधी जुळवून दाखवतो. मित्रहो, आपले मैदान मागून घ्या. चर्चेआधी लेखी टिपण द्या, आकडे हाती घ्या, मुद्दा आधी मराठीत पक्का करा आणि मग इंग्रजीत मांडा. इंग्रजी शिकायचीच आहे, कारण दिंडोरी कोणालाच चुकत नाही. पण रोजची लढाई दुसऱ्याच्या मैदानावर करून आपल्या हलकेपणाला दोष देत बसणे, याला मी शौर्य म्हणणार नाही.