जमीन कुणाला निवडता येते?

कुठे भूकंप झाला की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पेपरात एक चौकट येते. घर घेताना काय पाहाल? आपलं शहर नकाशात कितव्या पट्ट्यात आहे ते पाहा. जमीन खडकाची की भरावाची ते विचारा. बिल्डरकडून कागद मागा. सल्ला खोटा नाही. पण लिहिलाय कुणासाठी? ज्याच्या खिशात निवड आहे त्याच्यासाठी.

आमच्या वाट्याला निवड कधी आली? गावात आमची जागा गावाने निवडली, गावकुसाबाहेर. बाबासाहेबांनी सांगितलं, खेडं सोडा. सोडलं. शहरात आमची जागा भाड्याने निवडली, पाळीच्या वेळेने निवडली आणि आडनावाने निवडली. आडनाव ऐकून 'खोली गेली' म्हणणारा दलाल आम्हाला जमिनीखालचा खडक दाखवत बसणार आहे काय?

तरी हा विषय इंजिनियर लोकांचा, आपला नाही, असं म्हणून पान उलटू नका. मरताना आपणच पुढे असतो.

आधी त्या नकाशाचं बघू. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर हादरलं. पावणेदोनशेच्या वर माणसं मेली. त्याआधी दख्खनचं पठार म्हणजे न हलणारा दगड, असं पुस्तकात होतं. १९६२ पासून कोयनेच्या धरणात पाणी साठायला लागलं आणि हादरे सुरू झाले. धरणाच्या पाण्यामुळे भूकंप होतो याचं उदाहरण म्हणून आज जगभर कोयनेचं नाव घेतात. वीज शहरांना आणि कारखान्यांना, हादरा पाटणच्या डोंगरातल्या माणसांना. त्यांना कुणी विचारलं होतं, धरणाशेजारी राहता का म्हणून?

मग किल्लारी. नकाशात सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात. १९९२ पासून तिथे जमीन गुरगुरत होती, लोक घाबरून सांगत होते. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या सुमारास, आदल्या रात्री गणपती बोळवून लोक झोपलेले. लातूर-उस्मानाबादची गावंच्या गावं बसली. आठ हजारांच्या आसपास मेले. २००२ साली नकाशा सुधारला, सगळ्यात कमी धोक्याचा तो पट्टाच काढून टाकला. म्हणजे नकाशा मेलेल्यांच्या मागून चालतो. त्याच्यावर डोळे मिटून भरवसा ठेवायचा तर तोही पैसेवाल्यालाच परवडतो.

किल्लारीत माणसं कशाने मेली? जमिनीने नाही, भिंतीने. दोन-तीन फूट जाडीच्या दगडी भिंती, दगड नुसत्या चिखलात बसवलेले, आतली बाजू आणि बाहेरची बाजू एकमेकींना बांधलेली नाही. वर माळवद, त्याच्यावर फूट-दोन फूट माती. गळलं की अजून माती. डॉकात बोजा उचलणाऱ्याला हे गणित शिकवायला लागत नाही. बोजा सरळ वर चढतो तोवर ठीक, आडवा झोका बसला की आम्ही ओरडून बाजूला पळतो. घर उभं वजन पेलायला बांधलेलं असतं. भूकंप त्याला आडवं ढकलतो. वर वजन जेवढं जास्त तेवढा झोका मोठा. ज्यांच्या अंगावर कुडाची भिंत आणि पाचटाचं किंवा पत्र्याचं छप्पर पडलं, त्यांतले कितीतरी उठून बसले. वाडेवाले वाड्याखाली गेले.

यावर शहाणे म्हणाले, बघा, भूकंप जात बघत नाही. बरोबर. भूकंप बघत नाही. पण त्याच्यामागून सरकार आलं, ते वही घेऊन. जागतिक बँकेच्या कर्जातून ५२ गावं नव्या जागी बसवली. घर किती मोठं द्यायचं ते कशावर ठरलं? घरात खाणारी तोंडं किती यावर नाही. जमिनीवर. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतवाला, अडीचशे चौरस फूट. एक ते सात हेक्टरवाला, चारशे. सातच्या वरचा, साडेसातशे. आता सांगा, मराठवाड्यात भूमिहीन कोण? ज्याला पिढ्यानपिढ्या जमीन मिळू दिली नाही, त्याला जमीन नाही म्हणून घरही लहान. धरणीने सगळ्यांना एका पातळीवर आणलं होतं, वहीने परत जागच्या जागी नेऊन बसवलं.

आता आपल्या मुंबईकडे या. २००२ च्या नकाशात मुंबई तिसऱ्या पट्ट्यात, म्हणजे मध्यम धोक्यात. त्यात शहराचा बराच भाग समुद्र बुजवून केलेला. अलेक्झांड्रा डॉक, आताचा इंदिरा डॉक, १९१४ चा. तो खणताना निघालेल्या मातीने बॅलार्ड इस्टेट भरली. नरिमन पॉइंटही भरावच. म्हणजे भरावावर आम्हीच राहतो असं नाही, साहेबही बसतो. फरक एवढाच, पैसा असला की पाया खडकापर्यंत नेता येतो. नसला की विटेवर वीट, वर माळा, माळ्यावर अजून एक माळा.

मऊ जमीन काय करते ते मेक्सिको सिटीने १९ सप्टेंबर १९८५ ला पाहिलं. भूकंपाचा उगम तीनशे किलोमीटरहून दूर, पण शहर तळं बुजवून वसवलेलं. हजारो मेले. कपडे शिवणाऱ्या शेकडो बायका कारखान्यांच्या स्लॅबखाली गेल्या. मालकांनी आधी मशिनी बाहेर काढल्या, असं वाचलेल्या बायकांनी सांगितलं. त्या नुसत्या रडत बसल्या नाहीत. महिनाभरात युनियन उभी केली आणि तिला नाव दिलं १९ सप्टेंबर.

आमच्याकडे तर भिंत पडायला भूकंपही लागत नाही. २७ सप्टेंबर २०१३ ला डॉकयार्ड रोडला बाबू गेनू मार्केटची इमारत पहाटे बसली. ६१ मेले. पालिकेच्या कामगारांची कुटुंबं राहत होती तिथे. जमीन त्या दिवशी स्थिर होती. हलली नव्हती. मग जमीन खरंच हलली तर?

आता झोपड्यांच्या जागी टॉवर उठताहेत. पत्रा गेला, डोक्यावर स्लॅब आला. मी त्याच्या विरोधात नाही. पक्कं घर आपला हक्क आहे. पण पक्कं म्हणजे काय ते आपण ठरवायचं. खाली नुसते खांब, मोटारींसाठी मोकळा तळमजला आणि वर भिंतींनी भरलेले मजले, अशा इमारती २६ जानेवारी २००१ ला अहमदाबादेत पडल्या. भूकंप कच्छमध्ये, दोनशे किलोमीटरच्या पलीकडे. तिथे शेकडो मेले. ती घरं लोकांनी निवडूनच घेतली होती.

म्हणून माझं म्हणणं असं. आपल्याला जमीन निवडता येत नाही, तर भिंतीला जाब विचारायचा. मुंबईत ३० वर्षांवरच्या इमारतीची मजबुती तपासायची असा कायदा आहे, पालिका कायद्याचं कलम ३५३ ब. तो अहवाल मराठीत जिन्याखाली लावा, ही मागणी प्रत्येक चाळीने करायची. पुनर्वसनाच्या इमारतीत चावी घेण्याआधी नकाशा, खांब आणि पाया कोणी तपासला, कधी तपासला, ते लेखी मागायचं. इमारत धोकादायक ठरली तर बदली जागा कामापासून जवळ पाहिजे. नाहीतर धोक्याची पाटी म्हणजे हुसकावण्याचीच नोटीस.

आणि एक. हे टॉवर बांधतो कोण? नाक्यावरचा बिगारी, गवंडी, सळई बांधणारा. आपलाच भाऊ. वाळू किती आणि सिमेंट किती पडलं, कुठल्या खांबात रिंगा कमी घातल्या, हे इंजिनियरच्या आधी त्याला ठाऊक असतं. तो गप्प बसतो, कारण तोंड उघडलं की दुसऱ्या दिवशी हजेरी नाही. त्याची संघटना झाली, त्याला बोलायची सोय झाली, तर कुठल्याही नकाशापेक्षा ती जास्त माणसं वाचवील. जलसे, मोर्चे, कवितांच्या बैठका करतो आपण. त्यातली एक संध्याकाळ नाक्यावर घालवा.

किल्लारीच्या वहीत आपल्या नावापुढे अडीचशे लिहिलं गेलं, तेव्हा आपल्यातलं कुणी वही लिहिणाऱ्यांत नव्हतं. पुढच्या हादऱ्याआधी आपला माणूस तिथे बसलेला पाहिजे.

जय भीम.