पहिल्या क्रमांकावरून उतरलेला पर्वत

‘सर्वांत मोठें कोण?’ हा प्रश्न विचारण्याची मनुष्याच्या मनास फार जुनी खोड आहे. सर्वांत लांब नदी, सर्वांत मोठा महासागर, सर्वांत उंच शिखर यांचीं नांवें मुलें चटकन पाठ करतात. दुसऱ्या क्रमांकाची चौकशी सहसा कोणी करीत नाहीं. या खोडीविषयीं दोन शब्द लिहावे, आणि त्यासाठीं दक्षिण अमेरिकेंतील एका पर्वताचा वृत्तांत सांगावा, असा या लेखाचा हेतु आहे.

चिंबोराझो हा बर्फाच्छादित ज्वालामुखी पर्वत इक्वेडोर देशांत, विषुववृत्ताच्या दक्षिणेस सुमारे दीड अंशावर उभा आहे. इ. स. १७३५ सालीं फ्रान्समधील विद्वानांची एक मंडळी पृथ्वीचा खरा आकार ठरविण्यासाठीं त्या प्रदेशाकडे निघाली. पृथ्वी ध्रुवांपाशीं चपटी आहे, हें न्यूटनचें मत. ती ध्रुवांकडे लांबट आहे, हें दुसऱ्या पक्षाचें. बूगेर, ला कोंदामीन प्रभृति पंडितांनीं अनेक वर्षें डोंगरदऱ्यांतून मोजणी केली. उत्तरेस लॅपलंडांत दुसऱ्या मंडळीनेंही केली, आणि न्यूटनचा पक्ष खरा ठरला. याच कामांत चिंबोराझोची उंचीही निघाली, आणि तो जगांतील सर्वांत उंच पर्वत होय, असा समज युरोपांत रूढ झाला. इ. स. १८०२ मध्यें अलेक्झांडर फॉन हुंबोल्ट हा जर्मन शास्त्रज्ञ सोबत्यांसह त्यावर चढला. विरळ हवेनें जीव घाबरा झाला, हिरड्यांतून रक्त आलें, आणि शेवटीं एका खोल भेगेनें वाट अडविली. शिखर हातीं आलें नाहीं. तरी स्वतःच्या मोजणीप्रमाणें तो सुमारे ५,९०० मीटरपर्यंत पोंचला होता.

पुढें लवकरच हिंदुस्थानांतील इंग्रज मोजणीदारांनीं हिमालयांतील धवलगिरीची उंची काढली. ती इतकी निघाली कीं, युरोपांतील कित्येकांस ती खरीच वाटेना. परंतु आंकडे हटले नाहींत. धवलगिरीनंतर कांचनगंगेस, आणि १८५६ सालीं एव्हरेस्टला पहिला मान मिळाला. चिंबोराझो स्वतःच्या अँडीज रांगेंतही पहिला राहिला नाहीं. तेथें अर्जेंटिनांतील आकोंकाग्वा ६,९६१ मीटर भरतो, आणि चिंबोराझो ६,२६३.

आतां विचार करावा. हा मान गेला म्हणून त्या पर्वताचा एक खडा तरी ढळला काय? त्याच्या बर्फाचें पाणी खालच्या शेतांस मिळावयाचें थांबलें काय? उंचीप्रमाणें वनस्पति कशा बदलत जातात, हें याच पर्वताच्या आधारें दाखविणारें जें चित्र हुंबोल्टनें १८०७ सालीं प्रसिद्ध केलें, त्याचें मोल उणें झालें काय? मुळींच नाहीं. बदलली ती केवळ आपली यादी.

आणखी एक नवल आहे. समुद्रसपाटीऐवजीं पृथ्वीच्या मध्यापासून मोजलें, तर चिंबोराझोचें शिखर सुमारे ६,३८४ किलोमीटरांवर येतें, आणि एव्हरेस्टच्या शिखराहून सुमारें दोन किलोमीटर अधिक दूर ठरतें. पृथ्वीच्या ज्या फुगवट्याचा निर्णय करण्यासाठीं ते पंडित तेथें गेले होते, त्याच फुगवट्याचा हा परिणाम. यावरून एव्हरेस्टचा मान खोटा, असें कोणी समजूं नये. समुद्रसपाटीपासून मोजावयाचें, असें ठरलें म्हणजे तोच पहिला, आणि तें मोकळ्या मनानें कबूल केलें पाहिजे. परंतु कोठून मोजलें हें सांगितल्यावांचून नुसता क्रमांक सांगणें अपुरें आहे.

परीक्षेचा निकाल लागला कीं घरोघरीं एकच प्रश्न ऐकूं येतो: ‘कितवा आलास?’ परीक्षा नकोत, असें माझें म्हणणें नाहीं. मोजमापावांचून आळस आणि उद्योग यांत भेद उरणार नाहीं. ज्याचा क्रमांक वर आला, त्याचें कौतुक झालेंच पाहिजे. पण ज्याच्या घरीं पुस्तकें व शिकविणारीं माणसें आहेत तो मुलगा, आणि जी मुलगी निरक्षर आईबापांचें घरकाम पहांटे उरकून शाळेंत येते ती, हीं दोघें एकाच सपाटीवरून निघालेलीं नाहींत. शुभवर्तमानांतील गरीब विधवेनें मंदिराच्या भांडारांत दोन टोल्या टाकल्या, आणि प्रभूनें तिचें दान सर्वांत अधिक ठरविलें. तें नाण्यांची बेरीज करून नव्हे, तर तिच्यापाशीं मागें काय उरलें हें पाहून.

म्हणून पालकांस विनंति कीं, ‘कितवा आलास?’ या प्रश्नानंतर ‘गेल्या वर्षीं कोठें होतास?’ हाही प्रश्न त्यांनीं विचारावा. शाळांनींही बक्षिसांच्या यादींत, वर्षभरांत सर्वांत अधिक प्रगति करणाऱ्या विद्यार्थ्यास एक मानाची जागा द्यावी, असें माझें स्पष्ट मत आहे.

आणि पहिल्या क्रमांकाच्या विद्यार्थ्यांनो, तुम्हांसही एक सांगणें आहे. गांवच्या शाळेंत पहिले आलेले पुष्कळजण शहरांतील कॉलेजांत जातात, आणि तेथें त्यांना धवलगिरी भेटतात. ज्यानें आपली सारी किंमत क्रमांकावर ठेविली, तो त्या दिवशीं खचतो. ज्याचें प्रेम विद्येवर आहे, तो त्या उंच सोबत्यांकडे आनंदानें पाहतो आणि आपल्या अभ्यासास लागतो. दुसऱ्या प्रकारचे विद्यार्थी आपल्या शाळेंतून अधिक निघावे, हीच प्रार्थना.