विमान उठतानाच का पडते?

मुलांनो, अकोल्याला शिवणीचा विमानतळ अन् डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ शेजारी-शेजारी आहेत. त्यावरून वर्गातल्या एका पोराने विचारले, "गुरुजी, फवारणीचं विमान उठतानाच कावून पडते जी?"

आपल्या देशानेही असे विमान बनवले होते. नाव 'बसंत'. १९७२ साली ते पहिल्यांदा उडाले.

आता करून पाहा. कागदी विमान नाक खूप वर करून ओट्यावरून सोडा. ते आधी कोसळते, पण खाली येता येता वेग घेऊन सावरते. तेच गुडघ्याच्या उंचीवरून सोडा. सावरायच्या आत जमीन!

खऱ्या विमानाचेही तसेच. औषधाने भरलेली टाकी, कमी वेग, त्यात आपल्याकडची तापलेली, विरळ हवा. पंखांना उचल कमी मिळते. म्हणून वैमानिकाच्या हाताशी एक दांडा असतो. धोका दिसताच तो ओढून सारे औषध खाली सोडायचे, विमान हलके करायचे. तिथे औषधाच्या किमतीचा विचार केला, की जीव जातो.

आता शिवारात ड्रोनने फवारणी होते. पाहायला जवळ धावू नका. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-मजूर दगावले. आपण औषध म्हणतो, पण ते विषच. घरीही सांगा बरं!